त्रेचाळिसावी चुंगडी

हॅलो? … कोण? … अवं मोठ्यानं बोला जरा, दोन्ही हात शेणात आहेत माझे, फोन खांद्यात दाबून धरला आहे… कोण?

…ओमेश्वरी?

कोणती ओमे… नाही वं, तसं नाही. ओळखला ना आवाज. ओळखला म्हणूनच तर विचारलं. चार वर्षांत तुझा फोन आला नाही कधी… हो, मीही नाही केला. बरोबर आहे तुझं. … नंबर कोणी दिला? … बचत गटाच्या वहीतून घेतला. बरं. … आणि आता कुठून बोलून राहिली? माहेरी गेली का? … घरूनच? म्हणजे भिंतीच्या पलीकडून?

थांब. बोल बरं काहीतरी. … अजून बोल. … अवं, तू मले दोनदा ऐकू येऊन राहिली. आधी भिंतीवरून येते, मग मागून फोनात येते. सख्ख्या जावा आपण, अंगणातून बोलणं सोडलं आणि टावरले कामाले लावलं, पाहा.

काय ऐकलं? … आत्ता? … मी कुठं काय म्हटलं. मी खड्ड्याशी बोलून राहिली होती. … आपला शेणखताचा खड्डा, दुसरा कोणता. घर वाटलं, धानाच्या बांध्या वाटल्या, आंब्याच्या फांद्या वाटल्या, तेवढा खड्डाच सामाईक राहिला आपला. … ‘बकऱ्या’ म्हटलं? … बरं, म्हटलं असेल. ‘ही माणसं आहेत का बकऱ्या,’ असं म्हटलं. पण नाव घेतलं का कोणाचं? … मग तुले कायले लागलं?

हो, तुझ्याच प्लॅस्टिकच्या पन्न्या होत्या. आता विचारलंच तर सांगते. तेलाची एक, साबणाची एक, शांपूच्या चार पुड्या, आणि पोह्याची मोठी पन्नी, गाठ मारलेली. शेणात अशी रुतली होती का कोपरापर्यंत हात घालावा लागला मले. … बकरीले कळत नाही म्हणून ती करते. तू तर चांगली शिकलेली, तुझी तर दहावी…

…नाही, काही नाही. पुढं बोल.

हसते काऊन? … ऐकू आलं ना, भिंतीवरूनही हसूच आलं. बरं आहे, हस.

मग फोन कायले केला, भांडाले? भांडाचं असतं तर भिंतीवरून चाललं असतं, फुकटात. … कागदाचं काम आहे? कोणता कागद? … नंतर सांगते? सांग मग नंतर. मलेही तुझ्याशी काम आहेच. … तुले माहीत आहे? कोणी सांगितलं? … सुशिलाबाईनं. मले वाटलंच. त्या बाईच्या पोटात एक गोष्ट राहत नाही.

तर माझं आधी ऐक. … हो, हो… अवं ऐक ना. उद्या सकाळी मुन्नालालची गाडी येते गोंदियाहून. मुन्नालाल कबाडी वं, त्याची ती छोटी गाडी. महिन्यातून एकदा दवनीवाड्यात येतो म्हणून कबूल झाला आहे तो, पण अख्ख्या मोहल्ल्याचा माल पाहिजे म्हणते. चार घरांसाठी डिझेल नाही जाळणार. ‘भाभीजी, गीला अलग, सूखा अलग, पन्नी धोके सुखाके दो, तो मैं आऊँ.’ आपल्या मोहल्ल्यात घरं त्रेचाळीस. बेचाळीस घरच्या चुंगड्या भरल्या. … हो, त्याच, युरियाच्या रिकाम्या चुंगड्या, दारोदारी टांगल्या त्या. त्रेचाळिसावी तुझ्या दारात. दोन महिने झाले, रिकामीच. वारा आला का फडफडते. येणारा-जाणारा तिच्यावरचं ‘सौ. ओमेश्वरी’ वाचते आणि माझ्याकडं पाहून हसते.

मागच्या बैठकीत सुशिलाबाई काय म्हणाली, ते सांगितलं का तिनं तुले? … नाही ना. ते बरं नाही सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणाली, ‘जमुनाबाई, आधी आपल्या घरची चुंगडी दाखवा, मग आमच्या दारात या.’ … ‘आपल्या घरची’ म्हणाली. तिच्या लेखी आपण अजून एकाच घरच्या.  काय बोलायचं, तूच सांग. … उद्या तुझी चुंगडी गाडीत नाही चढली तर अर्ध्या बाया आपापल्या उचलून घरी नेतील आणि चुलीत घालतील. बोलूनच ठेवलं आहे त्यांनी. पुन्हा तो काळा धूर, पुन्हा पन्नी खड्ड्यात, खड्ड्यातून खतात, खतातून बांधीत.

तुले काय वाटते, मले हौस आहे? … सुशिलाबाईचा पाय विसरली का तू? मागच्या रोवणीत, माझ्याच बांधीत. माझ्याच खतातला फुटका बल्ब. सात टाके पडले. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती बांधावर पाय धरून बसली आणि म्हणते कशी, ‘बाई, तुमच्या घरचं अख्खं वर्ष आज पायानं वाचलं मी. कोणता साबण, कोणती गोळी, कोणाची चप्पल तुटली…’ अवं, लाज वाटली मले. रोवणारीनं चिखलात हात घालून धान लावावं, का आमच्या घरी चायचा पुडा कोणता येते ते पाहावं? तेव्हापासून लागली मी याच्यामागं. लोक म्हणतात जमुनाबाईले कचऱ्याचं याड लागलं. लागू दे. कोणाले भजनाचं लागते, कोणाले तमाखूचं लागते.

काय? … ते नको काढू आता. … हो, नावं लिहायची अक्कल माझीच. ऑइलपेंटचा डबा मीच आणला, अक्षरं मीच काढली. … वाटलं, चुंगडीवर नाव असलं का बाई ती नीट ठेवीन. लोकांचा स्वभाव कुठं माहीत होता मले. आता काय झालं, चांगला कचरा आपल्या चुंगडीत आणि वाईट कचरा शेजारणीच्या चुंगडीत. … उदारामच्या दारूच्या पव्व्यांची गोष्ट नाही ऐकली तू? … अवं, सुशिलाबाईच्या चुंगडीत निघाले. पाच. ती एकटी राहणारी बाई, चायलेही शिवत नाही. गटाच्या बाया तिच्याकडं पाहतात, ती पव्व्यांकडं पाहते. शेवटी उदारामच पुढं आला आणि म्हणते, ‘माझ्या चुंगडीत जागा नव्हती.’ … देवाशप्पथ. जसं काही पाहुणे आले आणि पलंग कमी पडला.

आणि पलीकडच्या गल्लीतली ती नवी सून. ती वेगळंच करते. दुसऱ्याच्या चुंगडीतले भारी बिस्किटाचे कागद काढून आपल्या चुंगडीत वरच्या वर ठेवते. दिसलं पाहिजे ना लोकाले, आमच्या घरी काय-काय येते. … हो ना… हो… हस बाई. मीही हसली होती. एकटीच हसली. घरात सांगाले कोणी नव्हतं. यांले सांगितलं तर म्हणाले, ‘हं.’ एवढंच. तुले माहीत आहे ना तुझ्या भासऱ्यांचं ते ‘हं’. … भुवनेश्वरही तसंच करते? करीनच. एकाच मायचे दोघं.

थांब, त्यांचंच सांगते तुले. चिडशील नाही ना? … तुझा नवरा म्हणते ना, तमाखूचा खर्रा सोडला? … माझाही म्हणते. आणि हेही म्हणते ना, का मोठ्या भावाचं तोंड पाहत नाही मी? … ऐक मग. परवा केवलरामच्या पानठेल्यावरची चुंगडी आणाले गेली मी. तिथं तर खर्र्याच्या पन्न्याच पन्न्या. केवलराम म्हणते, ‘वहिनी, तुमच्या घरच्या दोघा भावांसारखं गिऱ्हाईक नाही पाहिलं. रोज चार वाजता येतात. एक खर्रा घोटाले सांगतात. बाकाच्या दोन टोकाले बसतात, खर्रा मधात. अर्धा-अर्धा खातात आणि एक शब्द न बोलता उठून जातात.’ … हो. चार वर्षांपासून. … मी काय म्हणणार? पन्नी चुंगडीत टाकतात का, तेवढं विचारलं. टाकतात म्हणे. मग मी चुंगडी उचलली.

…ओमे? … रागावू नको त्याले. तो लहानपणापासून भावाच्या मागं-मागं. मी लग्न होऊन आली तेव्हा पहिलीत होता तो. माझ्या हातचा भात खाऊन शाळेत गेला. बायको पाहाले जायचं म्हणून याच्या अंगावरचा सदरा मी इस्त्री केला. … हो, मीच आली होती तुले पाहाले, कोहमाऱ्याले. तू पिवळी साडी नेसली होती. चाय आणली आणि… अजून काय आणलं? … नाही आठवत मले. … हो. हो, आणला होता तुझ्या बाबांनी. आतून कागद आणला होता. फर्स्ट क्लास. दोनदा वाचून दाखवला त्यांनी…

थांब, गायनं बादलीत तोंड घातलं… हड… हड, हड… हं. बोल.

…तोच कागद?

मार्कशीट. … हं. … नाही, ऐकून राहिली मी. हात धुऊन राहिली म्हणून पाण्याचा आवाज येते. बोल तू.

अंगणवाडीची जागा पुन्हा निघाली? … कधी? … आपल्याच वॉर्डात? अवं मग भर ना फारम. तुझ्यासारखी सेविका कुठं भेटणार त्याहिले. गाणे येतात तुले, लेकरं तुझ्या मागं लागतात… यावर्षी वयात बसते. पुढच्या वर्षी नाही बसणार. … हं. … दहावीची मार्कशीट लागते. लागणारच.

मग दुसरी निघते ना बोर्डातून? … निघते. मग काढ ना. … गेली होती? कधी? … काल. एकटीच? मले सांगितलं असतं तर मी… हो. कसं सांगणार. बरोबर आहे. … मग? बाबू काय म्हणाला?

…काय म्हणाला?

‘वाळवीनं खाल्ली तर उरलेला तुकडा आणा.’

असं कसं म्हणते तो. उदई काय जेवून ताट ठेवते का मागं. … हो, हो… समजलं. खराब झाली असेल तर खराब कागद जोडा. हरवली असेल तर कशी हरवली ते लिहून द्या आणि एका साक्षीदाराची सही. … आणि अर्जाची पावती सोमवारपर्यंत फारमले लागली पाहिजे. आज बुधवार. … हं.

…तुकडा?

नाही वं. मी कुठला तुकडा ठेवीन. … हो, घर एक होतं तेव्हाची ती पेटी मीच झाडली. सासूबाईंची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. … हो, बुडाशी पेपर अंथरला होता. तू त्याच्याच खाली ठेवली होती. … तेव्हा मले कुठं माहीत होतं. तू नंतर सांगितलं तेव्हा कळलं. आपल्याकडं सगळ्याच बाया तिथंच ठेवतात, पेटीच्या बुडाशी पेपरखाली. माझं रेशनकार्डही तिथंच आहे अजून. … उदई होती ना कोपऱ्यात. मातीची रेघ होती. तूही पाहिली. … सगळंच खाल्लं असेल तिनं.

…

गरम किती होऊन राहिलं नाही? लाईनही नाही सकाळपासून. मोहफुलं वेचाले गेल्या त्या बायाही परतल्या म्हणे लवकर. … नाही, टाळून नाही राहिली. मी कायले टाळीन.

…काय म्हटलं? … चुंगडी देते? तू? … उद्या? … अवं पण एका दिवसात काय भरशील? उगा चार पन्न्या टाकून… भरलेली आहे? कशी भरलेली आहे, ती तर दारात रिकामी लटकून… दुसरी? पलंगाखाली?

थांब, थांब. म्हणजे दोन महिन्यांपासून तू वेगळं करून राहिली? … धुऊन? … वाळवून? कुठं वाळवते, मले कशी नाही दिसली कधी? … आतल्या खोलीत दोरी बांधली. दुधाच्या पन्न्या चिमट्यानं टांगते. अवं, मी लुगड्याले चिमटा नाही लावत आणि तू पन्नीले लावते. … पुठ्ठे वेगळे, काच वेगळी. काच कशात? … जुन्या डब्यात, झाकण लावून, वर ‘काच’ लिहून. … हे नव्हतं सुचलं मले. उद्या सगळ्या बायांले सांग हे. नाही, तूच सांग, माझं ऐकून कान किटले त्यांचे. … थर्माकोल मुन्नालाल घेत नाही बरं. … माहीत आहे? मग काय केलं त्याचं? … भोकं पाडून मिरचीचे रोप लावले. हं. आणि जुन्या साड्यांच्या थैल्या शिवल्या, दुकानातून पन्नीच आणायची नाही म्हणून. किती? … बारा?

मग मी गावभर काय बोंबलून राहिली? माझ्या भिंतीपलीकडं माझ्याहून हुशार बसली आहे.

पण थांब. पन्नीच आणत नाही घरात, आणि आणली तर धुऊन टांगते. मग त्या खड्ड्यातल्या? रोजच्या रोज, अगदी वरच्या वर, गाठ मारलेल्या? … बोल ना. … मुद्दाम?

कायले पण? … मी चिडते म्हणून? … मग कायले?

…‘तुमचा आवाज येते म्हणून.’

हं.

…काही नाही. डोळ्यात गेलं काही. … शेण नाही वं, आत्ताच हात धुतले ना. … म्हणजे रोवणीपासून मी रोज सकाळी खड्ड्यात वाकून तुले शिव्या देऊन राहिली आणि तू पलीकडं बसून ऐकून राहिली? … चाय पीत? … एखादा दिवस मी नाही आली तर? … मले ताप होता तेव्हा. हो, तेव्हा चार दिवस नव्हती आली. … तेव्हा तूच काढल्या? आपल्या हातानं? … अवं वेडे, मग सांगाचं ना. मी तशीही बोलली असती. … नसती बोलली. हो. खरं आहे. नसती बोलली.

बरं, ते राहू दे. उद्या आठ वाजता गाडी. चुंगडी तूच उचलून आण, नवऱ्याच्या हाती नको पाठवू. सुशिलाबाईच्या पुढ्यात ठेव आणि काही बोलू नको, नुसती उभी राहा. … गाठ नीट मार. … नाव नाही तिच्यावर? नको लिहू. सगळ्यांचीच नावं पुसाची आहेत आता. मुन्नालाल परवा सांगत होता, त्याच्या गोदामात पन्नी वितळते, तिची बादली होते, खुर्ची होते. बादलीवर काय कोणाचं नाव राहते?

…हो. अर्जाचं राहिलंच. … काही सुचलं का तुले? … काय लिहिते मग?

…‘माझ्या हातून एस.टी.त हरवली.’

तुझ्या हातून? … गोंदियाले जाताना. पिशवी सीटवर राहिली, असं. … आणि साक्षीदार? … मी?

हं. म्हणजे मी सही करायची, का हिच्या हातून हरवली. … नाही, मले काय अडचण. … सोपं पडते, हो. बाबू पुढचं काही विचारणार नाही. … आणि भुवनेश्वर काय म्हणीन? चार वर्षं त्याले वाटते उदईनं खाल्ली. … निष्काळजी म्हणीन तुले. ऑफिसातलेही म्हणतील, कागद सांभाळता नाही आला, लेकरं काय सांभाळीन. … म्हणू दे म्हणते? … तुले चालते? … बरं. तुले चालते तर…

उद्या गाडी गेली का लगेच निघू मग. मी येते संग. नऊची बस आहे. … हो, सही करते. … हो, चष्मा घेते. … बरं, ठेव. मीही ठेवते. भात टाकायचा आहे. … हो. … ठेव.

…

ओमे.

ठेवला का? … नको ठेवू.

थांब, मधात बोलू नको. मधात बोलली तर मी पुन्हा गाईकडं पळीन. … तू काही हरवणारी बाई नाही. तू काचेच्या डब्यावर ‘काच’ लिहिते. ती एस.टी.त नाही हरवली, आणि तुले ते माहीत आहे. चार वर्षांपासून माहीत आहे ना? … हं. बोलू नको, समजलं मले.

बुडाचा पेपर मी, खाली काय चिकटलं ते न पाहता, तसाच उचलला. घडी घातली आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला. घडीत हात नाही फिरवला. इतकी कसली मी काटकसरी, पेटीत अंथरलेला पेपरही सोडला नाही. तासाभरात रद्दीवाला आला, घेऊन गेला. संध्याकाळी तू पेटी उघडली आणि विचारलं, ‘मोठीबाई, खालचा पेपर कुठं आहे?’ तेव्हा कळलं मले. … दुसऱ्या दिवशी दाढ काढाले म्हणून गोंदियाले गेली होती ना मी? दाढ आहे अजून तोंडात. रद्दीच्या दुकानात दुपारपर्यंत गठ्ठे उपसत बसली. त्यानं दोनदा पाणी दिलं प्याले. नाही सापडली. परत येताना बसमधात पेटीच्या कोपऱ्यातली ती माती आठवली… आणि घरी आल्यावर तुले ती दाखवली. तू मान हलवली.

तेव्हाची अंगणवाडीची जागा दुसरीले लागली. मग दोघा भावांचं मोटरपंपाचं भांडण निघालं. त्या दोघांचं काय, दोन दिवसांत मिटलं असतं. मीच नाही मिटू दिलं. आगळं झालो, चूल वेगळी झाली म्हणजे रोज सकाळी तुझ्या तोंडाकडं पाहावं नाही लागणार… एवढंच होतं माझ्या मनात. … रडून नाही राहिली मी. बोलू दे.

पेन आहे का जवळ? … आण. … आणला? लिही. मी सांगते तसंच लिही. ‘माझी दहावीची मार्कशीट माझी मोठी जाऊ, जमुनाबाई हुकुमचंद, राहणार दवनीवाडा, हिनं रद्दीत विकली.’ … लिहिलं? … पूर्ण नाव लिही. … पुढं लिही. ‘आणि उदईनं खाल्ली असं मला खोटं सांगितलं.’

…नाही, तो शब्द खोडू नको. … ‘चुकून’ नको लिहू तिथं. विकली ती चुकून. सांगितलं ते चुकून नव्हतं, ओमे. खोटं होतं. … राहू दे म्हणते ना. खाली जागा सोड, मी येऊन सही करते. ठेवते.